झाकणशेठची काळी डिस्क

माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा पुष्कळ झाला, पण पहिला मान कबुतरांच्या प्रकरणाला. पंचेचाळिशीची घोडी, सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक, चारचौघींत शहाणी म्हणून मिरवणारी मी. आणि नेरूळच्या आमच्या बाल्कनीत कबुतरं घाण करतात म्हणून मी झाकणशेठची डिस्क दोरीला बांधून टांगली. तेव्हा सगळी सोसायटीच सीड्या टांगायची. पण लोक टाकाऊ टांगत. मी एका माणसाची होती नव्हती तेवढी एकुलती एक टांगली.

झाकणशेठ हा सारसोळ्याचा कोळी. मार्केटात जिन्याखालच्या खोपटात व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करायचा. त्याच्याकडच्या मशीनचं झाकण कधी लावलेलं दिसलं नाही, म्हणून हे नाव. दुकानात शिरणाऱ्याला तो आधी वरपासून खालपर्यंत बघायचा आणि विचारायचा, "मशीन बिघडलाय का तुमी?" बहुधा गिऱ्हाईकच बिघडलेलं निघायचं.

त्या काळी गेमची अस्सल डिस्क परवडायची कुणाला? सगळा कारभार कॉपी केलेल्या डिस्कवर. मशीन मात्र कॉपी ओळखायचं आणि चालवायला नकार द्यायचं. म्हणून बाकीचे दुकानदार मशीन उघडून आत एक चिप डाग देऊन बसवायचे, की ते मुकाट काहीही चालवायचं. झाकणशेठला चिपचा इतका तिटकारा, की तो शब्द ऐकला तरी तो दाराबाहेर थुंकून यायचा. म्हणायचा, "चिप टाकली म्हंजे मशीनच्या पोटात जंत सोडला. नजर चुकवावी, पोट फाडू नये." चोरी ती चोरीच, त्यात हा सोवळं पाळणार! मी त्याला तसं तोंडावर म्हटलंही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पापलेटात साखर घालून आणली होती.

त्याची रीत अशी. झाकण उघडंच ठेवायचं, पण ते बंद आहे असं मशीनला वाटावं म्हणून झाकणाखालचं बटण आगपेटीच्या काडीनं दाबून धरायचं. आधी अस्सल डिस्क फिरवायची. मशीननं ती तपासली, की फिरण्याचा आवाज किंचित उतरतो. त्या क्षणी अस्सल उचलायची आणि कॉपी ठेवायची. पाव सेकंद इकडेतिकडे झालं की मशीन रुसलं. झाकणशेठ हे डोळे मिटून करायचा. त्याचा बाप होडीच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा म्हणे, कान तिथले. कुणा गिऱ्हाइकाला जमलं नाही की म्हणायचा, "कान हाय का नुसता बाळी अडकवायला हुक?"

आता माझी अक्कल ऐका. माझा पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे घरी. दुबईहून दिरांनी लेकीसाठी पाठवलेलं मशीन समोर. दोन दिवसांत मला गाड्यांच्या शर्यतीचं असं व्यसन लागलं, की वरण करपलं तरी मी वळणावर. मशीन चालू करणं मात्र आम्हा मायलेकींच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून झाकणशेठ रोज सकाळी दुकानाकडे जाता जाता जिना चढून यायचा, काडी लावायचा, डिस्क बदलायचा, अर्धा कप चहा घ्यायचा आणि माझ्या गाडी चालवण्यावर थुंकल्यासारखं हसून जायचा. "वहिनी, ही गाडी हाय. भाजीची पिशवी नाय, भिंतीला टेकवून ठेवाया." पुढे लेकीला त्यानं ती कला शिकवली. मी चहा गाळत होते. तो कुठली डिस्क आधी घालतो आणि कुठली नंतर, हे बघायला मला फुरसत कुठली?

मग तळवलीला त्याच्या भाचीची हळद निघाली. दोन दिवस यायला जमणार नव्हतं. त्यानं आपली अस्सल डिस्क लेकीच्या हातात दिली. तशी त्याच्याकडे ती एकच उरली होती. फिरती डिस्क उचलून उचलून बाकीच्या चरे पडून गेल्या होत्या. ही त्याच्या बोटीवरच्या भाच्यानं आणलेली. तसली इथे मिळेनाशी झाली होती. सगळं दुकान त्या एका डिस्कवर चाललेलं, दुरुस्त केलेलं मशीन चालवून बघायलाही तीच लागायची. लेकीनं सकाळी मशीन चालू केलं, डिस्क टीव्हीवर उघडीच ठेवली आणि कॉलेजच्या दोन दिवसांच्या सहलीला गेली.

मी ती उलटी करून पाहिली. खालून काळीकुट्ट. कॉप्या कशा आरशासारख्या चकचकीत, आणि ही तव्याच्या बुडासारखी. त्या मशीनच्या अस्सल डिस्क खालून काळ्याच असतात, हे नेरूळमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वरिष्ठ लिपिकबाईंना नव्हतं. मी ठरवलं, ही जळली. चकचकीत कॉप्या पुसून डब्यात जपून ठेवल्या आणि काळीला सुतळी ओवून लंगडत बाल्कनीत नेली. वर घरात नसलेल्या लेकीवर रागावले, की जळकी वस्तू घरात ठेवतेस. कबुतरांना भिववायला चमक लागते, एवढंही सुचलं नाही. दोन दिवसांच्या उन्हात आणि वाऱ्यात ती ग्रिलवर आपटत राहिली. वरचं चित्र पोपडे धरून सुटलं, आणि तिच्याच खाली एका कबुतरानं निवांत अंडं घातलं.

डिस्क कामातून गेली, तरी झाकणशेठनं चिप बसवायला घेतली नाही ती नाहीच. लोकांनी सांगितलं, मीही सांगितलं. माझं सांगणं म्हणजे आग लावणाऱ्यानंच पाण्याचा पत्ता देणं. गणपतीच्या आधीच खोपटाला कुलूप लागलं. पुढे तो सारसोळ्याच्या जेट्टीवर होड्यांची इंजिनं बघू लागला. एकदा दिसला, इंजिनाला कान लावून, डोळे मिटून. मी हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार?

मागच्या वर्षी तो गेला. माझी नात आता डिस्कशिवायच गेम खेळते, हवेतून उतरवते. तिला काडीची गोष्ट सांगितली तर ती म्हणते, आज्जी, तू थापा मारतेस. मारते मी थापा, पण ही नाही.

हळदीहून तो परत आला ती सकाळ मला अजून दिसते. शर्टाच्या कॉलरला हळद लागलेली. सुतळीसकट डिस्क मी त्याच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यानं ती उजेडापुढे धरली. पोपडे उडाले होते तिथून आरपार दिवस दिसत होता. चहाचा कप तसाच राहिला. मी शिव्यांची वाट पाहत उभी. त्यानं सुतळी सोडवली, नीट गुंडाळून माझ्या हातात परत दिली, डिस्क खिशात घातली, आणि दारातून वळून म्हणाला,

"वहिनी, कबुतरा गेली का पन?"