पंडुमाआधीचे आंबे

घरी चालून आलेल्या मदतीला दारातूनच परतवून लावण्याची विद्या माझ्या थोरल्या साडूंइतकी साऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीत दुसऱ्या कुणाला साधली असेल असं मला वाटत नाही. लग्नानंतर ते आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका गोंड गावात राहायला गेले, तिथे एक लहानशी संस्था काढली, आणि तेव्हापासून जगातल्या दानशूर देशांशी त्यांचं भांडण चालू आहे. भांडण त्यांचं, ते इंग्रजीत लिहायचं मी. कोळसाखाणींच्या घुग्घुसमध्ये शाळेत इंग्रजी शिकवतो एवढाच माझा गुन्हा. मागायची असते एक विहीर आणि अर्ज असतो चाळीस पानांचा. 'या प्रकल्पातील संभाव्य धोके कोणते?' असा एक रकाना प्रत्येक अर्जात असतो. तो वाचून दाखवला की साडू शांतपणे सांगतात, "लिव, धोका म्हंजे तुमीच, पैसे देणारे." मी अवकाळी पाऊस लिहितो आणि तसं त्यांना सांगतोही. मग ते दिवसभर माझ्याशी बोलत नाहीत.

'लाभार्थी' या शब्दाचा तर त्यांना इतका तिटकारा, की तो ऐकला की त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागते. एकदा देणगीदारांची दिल्लीची अधिकारी बाई गाव पाहायला आली होती. तिने वही उघडून किती लाभार्थी आहेत विचारलं. साडू म्हणाले, "तुमचा पगार याच कामातून निघते न, बाई? मंग पहिल्या लाभार्थी तुमी. लिवा." दुसऱ्या एका देशाने हातपंप दिला आणि त्यापेक्षा मोठा आपल्या नावाचा पत्र्याचा फलक दिला. तो साडूंनी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. फोटो मागितला तेव्हा कोंबड्यांसकट काढून पाठवला. आणि त्यांचा सगळ्यात जाचक नियम म्हणजे, परदेशी जाणारा प्रत्येक कागद आधी गावसभेत वाचायचा. मी मराठीत सांगायचं, त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीने, ते गोंडीत सांगायचं, आणि बायांनी मान हलवली तरच सही. एका अर्जाला तीन दिवस लागायचे. मी रजा टाकून जायचो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायचो.

तरीही आमचूरच्या शेडचा अर्ज मंजूर झाला. गावाभोवती रानआंबा अमाप. बाया आमचूर उघड्यावर वाळवतात, वळवाची एक सर आली की सगळं काळं पडतं, म्हणून त्या टोपल्याच्या टोपल्या कच्चा आंबा व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये मातीमोलाने ओततात. पक्की शेड आणि वाळवण्याचं यंत्र मिळालं तर तो ट्रक गावात यायचा थांबला असता. पहिल्या हप्त्यात जोतं आणि भिंती झाल्या. छप्पर आणि यंत्र दुसऱ्या हप्त्यात. पण त्याआधी, मार्च संपायच्या आत, बाया शेडमध्ये आंबे कापताहेत असे फोटो हवेत. म्हणजे छप्पर नसलेल्या शेडमध्ये काम दाखवा, मग छप्पर देतो. या अकलेला काय म्हणावं मला आजही कळत नाही.

आणि मार्चात आंबा कापणार कोण? गावात नव्या आंब्याचा पंडुम, म्हणजे सण, झाल्याशिवाय कुणी आंब्याला सुरी लावत नाही. आंब्यात कोय धरली की गावचा पुजारी दिवस ठरवतो, पहिला आंबा देवाला जातो, मग माणसांना. हे व्हायला एप्रिल निम्मा जातो. साडूंनी मला पत्र लिहायला लावलं, की एक महिना थांबा. उत्तर आलं, आपल्या संस्कृतीचा आम्हाला नितांत आदर आहे, परंतु अहवालाचा कालावधी बदलता येत नाही. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि साडू म्हणाले, "राहू दे मंग. फोटो नाई." त्यांचाही मला तितकाच राग आला. यांचा बाणा राहणार आणि बायांच्या डोक्यावरचं छप्पर जाणार.

म्हणून मी शहाणपणा केला. घुग्घुसच्या बाजारातून कैऱ्या आणल्या, गच्चीवर कोऱ्या विटांची भिंत रचली, बायकोला आणि शेजारच्या दोघींना लुगडी नेसवून कापायला बसवलं. तोंडं टाळून फक्त हात घेतले. गावसभेला न विचारता पाठवलेला तो माझा पहिला कागद. देणगीदार खूश झाले. इतके, की त्यांनी एक फोटो मोठा छापून, काचेत घालून संस्थेला भेट पाठवला.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा तो साडूंच्या मांडीवर होता. "मास्तर," ते म्हणाले, "ह्या फोडी अशा काळ्या काऊन दिसून राह्यल्या? आपल्या इथी कोळशाची धूळ कुठून आली?" मी काही बोलायच्या आत त्यांच्या बायकोने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा हात तं माह्या बहिणीचा होय."

साडूंनी कागद पुढे केला. "लिव. खरं काय ते लिव. इंग्रजी तुलेच येते."

"भाऊ, छप्पर जाईल," मी म्हणालो.

"गेलं तं जाऊ दे."

मी लिहिलं. चडफडत लिहिलं, पण खरं लिहिलं. आणि नियमाप्रमाणे ते मलाच गावसभेत वाचावं लागलं. बाया ऐकत होत्या. एक म्हातारी बराच वेळ काहीतरी बोलली. साडूंच्या बायकोने मला मराठीत सांगितलं, "थे म्हणते, मास्तरनं आमच्यासाठीच केलं, त्याले बोलू नका. पण आमचा आंबा आमी कापला नाई, आन् तिकडच्या लोकाईले वाटते का आमी कापला. हे नाई पाह्यजे." सगळ्यांनी मान हलवली. पत्र गेलं. महिन्याभरात दुसरा हप्ता रद्द झाल्याचं उत्तर आलं, अत्यंत खेदपूर्वक.

खोटं मी बोललो हे मला मान्य आहे. पण खोटा फोटो काचेत घालून मिरवणाऱ्यांना खरं पत्र मात्र सोसलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मे महिन्यात मी मुद्दाम गेलो. पंडुम होऊन गेला होता. बिनछपराच्या भिंतींसमोर व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता आणि बाया रांगेने टोपल्या ओतत होत्या. ती म्हातारीही होती. साडू तिची टोपली वर द्यायला हात लावत होते. मला वाटलं, आता हे मला सगळ्यांसमोर सोलून काढणार, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेलो होतो. त्यांनी ट्रक जाईपर्यंत टोपल्या दिल्या, हात लुंगीला पुसले आणि माझ्या खांद्यावर ठेवले.

"आलास? चाल, जेवून घे."

ताटात आंब्याची आमटी होती. मी शिव्यांची वाट पाहत भात कालवत होतो. समोर बसून ते मला आग्रहाने वाढत राहिले.