लोंढे आज गेले, मंगळवारी नव्हे

दत्तात्रय लोंढे आज सकाळी गेले.
आम्ही त्यांना मंगळवारीच मारले होते.

आम्ही म्हणजे चाकणच्या आमच्या कारखान्यातील क्वालिटी विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप. एकशे बारा सदस्य. बहुसंख्य इंजिनीअर, डॉक्टरेट दोघांची. त्या दोघांपैकी एक मी.

लोंढे आमच्या स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मापे तपासण्याच्या खोलीत, बावीस वर्षे होते. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर त्यांनी कधीही सही केली नाही. यंत्रावरून आलेला जॉब स्वतःच्या हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, मगच पेनाचे टोपण काढायचे.
मी विभागप्रमुख, मलाही त्यांनी एकदा थांबवले होते.
"मॅडम, आकडा तुमचा हाय. सही माझी हाय."

गेल्या आठवड्यात छातीत दुखू लागले म्हणून त्यांना चिंचवडच्या एका रुग्णालयात दाखल केले.

मंगळवारी सकाळी पुढच्या आठवड्याचे शिफ्टचे वेळापत्रक ग्रुपवर आले. लोंढे रजेवर, म्हणून त्यांच्या नावावर लाल रेघ.
घडले ते एवढेच.

कुणीतरी त्याखाली जोडलेले हात टाकले. शब्द एकही नाही.
दुसऱ्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली.
तिसऱ्याने त्यांच्या फोटोला हार घातला. फोटो खंडेनवमीच्या यंत्रपूजेचा होता, शेजारची माणसे कापून काढलेला. कोपऱ्यात कुणाची तरी कोपरे शिल्लक होती. इतकी घाई!

मग मीही लिहिले.
प्रत्येक वाक्य तीनदा फिरवले. विशेषणे मोजून वापरली, स्वल्पविराम तपासले. माणूस जिवंत आहे की नाही, हे मात्र तपासले नाही.
तो मजकूर मी इथे, या प्रोफाइलवरही टाकला. तुमच्यापैकी अनेकांनी त्याखाली लिहिले, "किती सुंदर लिहिता!"

आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा रफिक तेवढा बाईक काढून रुग्णालयात गेला.
तासाभराने ग्रुपवर त्याचा मेसेज आला: "लोंढेभाऊ जिवंत हाय राव! आत्ता माझ्याशी बोलला. चहा मागतोय."

त्यावर उत्तर गेले: "रफिक, अशा प्रसंगी थट्टा शोभत नाही."

ते उत्तर माझे होते.
त्याला एकोणतीस जणांनी अंगठे टाकून संमती दिली.

तोवर बातमी दापोडीत, लोंढ्यांच्या गल्लीत पोचली होती.
डॉक्टरांनी त्या दिवशी प्रथमच भाताची पेज द्यायला परवानगी दिली होती, म्हणून त्यांच्या पत्नी सुमनवहिनी ती करायला घरी आल्या.
दारात बांबू आणि मडके.

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारणींनी त्यांना गॅसजवळ जाऊ दिले नाही.
"अहो, त्यांना भूक लागलीय!" वहिनी ओरडत होत्या.
"रडून घे गं बाई. मोकळी हो," बायका पाठीवरून हात फिरवत होत्या.

शेवटी रफिकने रुग्णालयातून व्हिडिओ कॉल लावला. खाटेवरच्या लोंढ्यांनी हात हलवून दाखवला, तेव्हा कुठे त्यांच्या बायकोला स्वतःच्या घरात गॅस पेटवता आला.
लातूरकडून लोंढ्यांचे भाऊ दोन जीप भरून निघाले होते. ते अर्ध्या वाटेवरून शिव्या घालत परतले.

बुधवारी मी भेटायला गेले. लोंढ्यांनी माझा मजकूर वाचला होता.
"मॅडम, लई चांगलं लिहिलं हो. ते 'अचूकतेचा व्रती' म्हंजे मीच ना?"
मी मान हलवली.
"पर अप्रेजलमधी तर तुमीच 'सुधारणेस वाव' लिहिलं होतं!"
ते हसले. वहिनी हसल्या नाहीत.

अफवा अडाणी माणसे पसरवतात, ही आपली एक लाडकी समजूत. इंटरनेटमुळे माणसे जवळ आली, ही दुसरी. या दोन्ही मी सेमिनारांत ठळक अक्षरांच्या स्लाइडवर मांडल्या आहेत आणि टाळ्या घेतल्या आहेत.
आमच्या ग्रुपमध्ये अडाणी कुणीच नव्हते. एकशे बारा जणांच्या खिशात फोन होता आणि लोंढ्यांचा नंबरही होता. तो एकानेही लावला नाही. प्रत्यक्ष गेला तो दहावी नापास रफिक, आणि खोटारडा ठरला तोही रफिकच.

मला किळस येते. त्या हाराची येते, त्या अंगठ्यांची येते. आणि सर्वांत जास्त माझ्या त्या निर्दोष परिच्छेदाची.

आज सकाळी हृदयविकाराचा दुसरा झटका आला. त्यातून लोंढे वाचले नाहीत.

रफिकने ग्रुपवर कळवले. तासभर कुणी काही बोलले नाही. मग एक उत्तर आले: "आधी कन्फर्म करा."
त्यानंतर पुन्हा शांतता. श्रद्धांजली वाहून झालेली होती ना.

त्यांच्या मुलीने, आरतीने, गावी काकांना फोन केला.
"पोरी, पुन्हा तेच नगं. आधी नीट बघ जा," असे म्हणून काकांनी फोन ठेवला.
मी तिच्या शेजारी उभी होते. तिने डोळे पुसले, आत जाऊन वडिलांच्या चेहऱ्याचा फोटो काढला आणि काकांना पाठवला.
बापाचे मरण त्या मुलीला पुराव्यानिशी सिद्ध करावे लागले. ही आमची करणी.

म्हणून हे लिहीत आहे. मी रुग्णालयातूनच लिहीत आहे. त्यांना मी पाहिले आहे.
दत्तात्रय लोंढे गेले.

रफिक, तुझी क्षमा मी तोंडावर मागितली आहे. आता इथे, सर्वांसमक्ष मागते.

अंत्यविधी आज संध्याकाळी पाच वाजता, दापोडीत. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते आणि कंपनीची बस दापोडीवरूनच जाते.
गावाकडची माणसे तोवर पोचणार नाहीत. घरात पुरुषमाणूस कुणी नाही.

या पोस्टखाली कृपया काहीही लिहू नका.
मंगळवारी ज्यांनी हात जोडले, त्यांनी आज खांदा द्यायला यावे.