क्षेत्रफळाच्या तक्त्यातली तळहाताएवढी जागा

आमच्या धुळ्याच्या घराचा परवाना अडला तो तळहाताएवढ्या जागेपायी. ती जागा कोणी बळकावलेली नव्हती, कोणाच्या हद्दीत गेलेली नव्हती. ती केवळ एका बेरजेत होती. आयुष्यभर अर्ज, हरकती आणि स्मरणपत्रे लिहिलेल्या माणसालाही असे प्रकरण पुन्हा लाभले नाही.

नव्वदचे दशक अर्ध्यावर आले होते. दिवाणी न्यायालयातली माझी नोकरी नुकतीच संपली होती. घर बांधायचे ठरले, ते मुख्यतः माझ्या थोरल्या बहिणीसाठी. अक्काचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते, साक्रीकडच्या एका खेड्यात ती दिराच्या मुलाकडे राही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या झाडून साऱ्या लेकी माहेरी जातात. आमचे आईवडील गेल्यापासून अक्का मात्र त्या दिवशी शेजारच्या सुनांना निरोप देई आणि ओट्यावर बसून राही. माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत पाहुणी म्हणून यायला तिची तयारी नव्हती. "तुन्हा घरमा मनी खोली व्हई, तवय मी येसू," असे तिने मला एकदाच आणि स्वच्छ सांगितले होते. तेव्हा पुढच्या आखाजीच्या आत तिची खोली उभी राहणे, एवढेच माझे ईप्सित होते.

नकाशा मी जळगावला एका ड्राफ्ट्समनकडून काढून घेतला. हा गृहस्थ पूर्वी पाइपच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्डावर काम करी. मग संगणक शिकला आणि डाळीच्या एका दुकानावरच्या माडीत त्याने स्वतःचे कार्यालय थाटले. संगणकाच्या खोलीत शिरताना तो गिऱ्हाइकाला चपला बाहेर काढायला लावी, आणि गिऱ्हाईकही देवळात गेल्यासारखे आवाज खाली आणी. त्या काळी नकाशातला तक्ता म्हणजे नुसत्या रेघा आणि अक्षरे. खोल्यांची क्षेत्रफळे यंत्र मोजून देई, परंतु बेरीज माणसाने कॅल्क्युलेटरवर करून खाली टंकायची. भिंत हलवली तरी जुनी बेरीज तशीच मख्ख बसून राही. या गृहस्थाने मात्र रात्रंदिवस खपून स्वतःची एक छोटी आज्ञावली रचली होती. खोल्यांवर एकामागून एक बोट ठेवल्यासारखे करावे, की तक्ता आपोआप भरे आणि तळाशी बेरीज उमटे.

"नाना, इथं बेरीज मी करत नाही," तो मला म्हणाला, "नकाशाच करतो." पोराचा पहिला नंबर सांगणाऱ्या बापाचा तो स्वर होता. मला तो माणूस तत्क्षणी आवडला.

धुळ्याला परवानगीच्या कार्यालयात नकाशे तपासणाऱ्या कारकुनाची रीत वेगळी होती. तो लाल पेन्सिल घेऊन तक्त्यातले आकडे आधी वरून खाली आणि मग खालून वर मिळवी. कित्येक नकाशाकार एका गिऱ्हाइकाचा तक्ता दुसऱ्याच्या नकाशात उचलून ठेवीत, खोल्या बदलीत आणि बेरीज बदलायला विसरत. त्या अनुभवाने त्याला ही सवय जडली होती. माझा नकाशा त्याने परत केला. तक्त्याची बेरीज जुळत नव्हती. मी हरकत लेखी मागितली. त्याने ती एका ओळीत दिली. मी उत्तर कित्येक पानांत दिले, संगणकाने केलेली बेरीज अमान्य करण्याचा अधिकार त्याला कोणत्या नियमान्वये प्राप्त झाला, अशी पृच्छा केली, आणि त्याने पुन्हा तीच एक ओळ धाडली. संतापाने मला जेवण गोड लागेना.

ती ओळ घेऊन मी एसटीने जळगाव गाठले. ड्राफ्ट्समनने प्रथम हसण्यावारी नेले. मग कागद घेऊन स्वतः बेरीज मांडली आणि त्याचा चेहरा उतरला. कारकून बरोबर होता. बऱ्याच वेळाने त्याला उलगडा झाला. यंत्र प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ दशांशाच्या लांबलचक शेपटीसह मनात धरी, तक्त्यात मात्र दोनच स्थळे दाखवी. बेरीज करताना ते शेपट्यांसह मिळवी. कारकून छाटलेले आकडे मिळवी. दोघांत चौरस मीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा फरक पडे. यंत्र खोटे नव्हते, कारकूनही खोटा नव्हता.

"नाना, शेवटचा आकडा हातानं टंकतो. कोणाला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला, पण म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. स्वतःच्या आज्ञावलीचे उत्तर पुसायचे त्याच्याही जिवावर आले होते. मी नकार दिला. तक्त्याखाली आकडे खरे असल्याचा दाखला होता आणि त्यावर माझी सही होणार होती. मी परत येऊन वरिष्ठांकडे अपील लिहायला बसलो.

नवरात्राच्या सुमारास अक्का डोळे दाखवायला धुळ्याला आली. शेंगा सोलत तिने ते अपील पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत ऐकून घेतले. निकाल कधी लागेल, असे विचारले. अपिलाचे सांगता येत नाही, वर्षही जाईल, असे मी म्हणालो.

"मंग पुढली आखाजी बी त्याच ओटावर," ती म्हणाली. तिने टरफले सुपात झटकली. "भाऊ, तू खरा शे, तो बाबू बी खरा शे. मनी खोलीमाईन काढी ल्या काय काढनं शे ते."

जागा कमी करण्याचा प्रश्नच नाही, हा केवळ तत्त्वाचा मुद्दा आहे, हे मला तिला समजावून सांगायचे होते. त्याऐवजी मी कागद मिटले. ते अपील मी धाडले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जळगाव. मी ड्राफ्ट्समनला विचारले, बेरीज हाताने न बदलता घरच बदलता येईल काय? तो खुर्ची पुढे ओढून बसला. खोल्यांच्या लांबीरुंदीत सुट्टे सेंटिमीटर होते, म्हणून शेपट्या उगवत होत्या. प्रत्येक माप दहा-दहा सेंटिमीटरच्या पटीत धरले, तर क्षेत्रफळ दोन दशांशांतच संपे. बाहेरच्या भिंती त्याने नावाला आत घेतल्या. राहिली ती अक्काच्या आणि माझ्या लिहिण्याच्या खोलीमधली भिंत.

"ही कोणीकडं सरकवू?"

"माझ्याकडे," मी म्हणालो.

तक्ता नव्याने भरला. त्याने छापील प्रतीवर पेन्सिलीने वरून खाली बेरीज केली, खालून वर केली, आणि मगच गुंडाळी माझ्या हाती दिली. धुळ्याच्या कारकुनाने बेरीज जुळल्याची लाल खूण केली. फाईल उलटसुलट चाळून त्याने विचारले, "साहेब, ह्या वेळेला पत्र नाही जोडलं?" मी त्याला आभाराचे पत्र लिहिले. त्याने त्यावर आवक क्रमांक घातला.

आखाजीला अक्का आली ती पेटी घेऊनच. मधली भिंत सरकल्यामुळे माझे कायद्याच्या पुस्तकांचे कपाट माझ्या खोलीत मावेना; ते तिच्या खोलीत उभे करावे लागले. एखादे कलम पाहायचे झाले की मी तिच्या दारावर टकटक करी. आतून विचारणा होई, काम काय आणि कोणाविरुद्ध. माझे म्हणणे तिला पटले, तरच कडी निघे.