दोरा विरघळेपर्यंत

काचबिंदूने माझ्या डाव्या डोळ्याची कडेची नजर आधीच गिळली होती. थेंबांनी डोळ्याचा दाब उतरेना, तेव्हा पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बारीक नळी बसवायचं ठरवलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली वाचवायची आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला तेवढं पुरेसं होतं. बोईसरच्या औषध कंपनीतून रजा घेतली आणि ऑपरेशन करून सालवडला खोलीवर आले.

वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. थेंब घालायचं काम नवऱ्याने घेतलं. कारखान्यात मोठाले व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस, पण ती इवलीशी बाटली धरली की त्याचा नेम चुकायचा. निम्मे थेंब गालावर. मनगट माझ्या कपाळावर टेकव म्हटलं, तेव्हा कुठे जमायला लागलं.

केस धुण्याचं मात्र अडलं होतं. शेजारीण मुरबे गावची. तिने मला खाटेवर आडवं झोपवलं, मान कडेला आणली, खाली बादली ठेवली आणि कपाळावर टॉवेलची घडी दाबून धरली.

"गप पडून रा. डोळ्यात थेंबसुदा जायाचा नाय," ती म्हणाली, आणि खरंच गेला नाही. स्वच्छ केसांनी त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी आरशात नीट पाहिलं. डोळा लाल होता, सुजलेला होता, पण माझा होता.

नळी दोऱ्याने बांधून बंद ठेवलेली होती. तो दोरा आपोआप विरघळतो, तोवर दाब चढाच राहणार, हे मला माहीत होतं. म्हणून तपासणीत दाब जास्त निघाला तरी मी खचले नाही. नवरा मात्र दर वेळी कागदावरचा आकडा पुन्हा पुन्हा पाहायचा.

मग एका दुपारी डाळ निवडता निवडता डाव्या डोळ्यापुढे तेलकट काच धरल्यासारखं झालं. डोळा ठणकू लागला. नवरा पहिल्या पाळीवरून आला तो घाबरलाच. ऑपरेशन फुकट गेलं, आता सरळ मुंबई गाठू, म्हणाला.

"दोरा सुटला की असं होऊ शकतं, बाईंनी सांगितलंय," मी म्हटलं. "आधी पालघरला जाऊ."

रिक्षात मी उजवा डोळा झाकून त्याच्याकडे पाहिलं. शर्टाच्या चौकटी पुसट का होईना, दिसत होत्या. तेवढ्यावर मी निश्चिंत बसले.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्रातून पाहिलं. "नळी उघडली. दाब एकदम उतरलाय, म्हणून अंधुक दिसतंय. निवळेल."

नवऱ्याने तेच पुन्हा एकदा विचारून घेतलं. बाहेर आल्यावर त्याला भूक लागली, सकाळपासून जेवला नव्हता.

हळूहळू निवळलं. परवानगी मिळाल्यावर कामावर गेले, तर सुपरवायझरने हिंदीत सुचवलं की आता बसून बॉक्स चिकटवा. मी नको म्हटलं, गोळ्या तपासायचं माझं नेहमीचंच काम हवं होतं. फक्त जागा बदलून मागितली, फिरत्या पट्ट्याच्या डाव्या टोकाची, म्हणजे गोळ्यांची पाकिटं चांगल्या डोळ्याच्या बाजूने, उजवीकडूनच समोर येतील. त्याने दोन दिवस माझं काम पाहिलं, आणि नंतर पाहायचं सोडून दिलं.