मगजवाली

शेणव्याची संगीता मुंबईच्या इस्पितळात मोठी डॉक्टर झाली, पण तिचं काम गावाला काही केल्या उमगेना. खोकल्याचं औषध विचारावं तर म्हणे, ते मी बघत नाही. मग बघतेस तरी काय गो? तर लहान पोरांच्या रक्ताचा कॅन्सर. औषधाला न जुमानणाऱ्या पोराच्या हाडात दुसऱ्याच्या हाडातलं बीज रुजवायचं. सख्खं भावंड पुरतं जुळलं तर उत्तमच; नाही जुळलं तर आईबापाचं अर्धं जुळणारं कसं चालवावं, ह्यावर तिचं संशोधन. लोक मान डोलवत आणि तिची पाठ वळली की म्हणत, शिकून वाया गेली.

मग तिच्याच आळीतल्या गोदीच्या धाकट्या मेघाला तो रोग झाला. एकदा उतरला, पुन्हा उलटला. आता बीज रुजवल्याशिवाय पोर वाचत नाही, असं संगीतानं सांगितलं. बाप मागंच वारलेला, गोदीचं अर्धंच जुळलं. थोरली जयश्री माहेरपणाला आली तेव्हा तिचं रक्त तपासलं, ते मात्र पुरतं जुळलं. ती सासरी पोचते न पोचते तोच गोदीनं हरखून विहिणीला फोन लावला, की जयश्रीचा थोडा मगज लागणार आहे.

गोदीच्या घरात मटणाच्या नळीतल्या गराला मगज म्हणतात. सिद्धगडाच्या पायथ्याला विहीण धोंडाबाई, तिच्या घरात मगज फक्त डोक्यात असतो.

संगीता गोदीला घेऊन मुरबाडहून जीपनं तिथं गेली, तर ओट्यावर अर्धं गाव बसलेलं. पाण्याचं कोणी विचारलं नाही. न विचारता सुनेचं रक्त काढलंच कसं, इथपासून धोंडाबाईनं सुरुवात केली. संगीतानं समजूत घातली, की डोक्याला हात लावायचा नाही, कमरेच्या हाडातून सुईनं घेतात. मेघाच्या हाडातलं सगळं औषधानं, पेरणीआधी भाताचा राब भाजतात तसं भाजायचं आणि तिथं जयश्रीचं रोप लावायचं.

"न् रोप उपटल्यावर आमच्या राबात काय रातं?" धोंडाबाई म्हणाली. "मला नातवंडं व्हायचीत आजून."

दाखला संगीतानंच दिला होता.

"रोप चुकलं माझं, मावशी. दूध म्हना. काढलं तरी पुन्हा भरतं."

"मंजे माझी सून म्हैस."

ओटा हसला. जयश्रीचा नवरा मंगेश खाली मान घालून पायाचं नख कुरतडत बसला. कोणी म्हणालं, डॉक्टर लोक गरिबांवर प्रयोग करतात. हिचं नाव होईल, सून हातची जाईल. तिथं संगीताचा तोल गेला.

"नाव करायचं तर जयश्री मला नकोच. ती नाय आली तर मेघा माझ्या संशोधनात येते, फायदा माझाच. पन पुरतं जुळणारं घरात असताना अर्ध्यावर पोर ठेवू, मी काय राक्षसीण हाय?"

"राक्षसीण हायस का ते मला नाय म्हाईत," धोंडाबाई म्हणाली. "सून नाय जायाची."

तेवढ्यात जयश्री पिशवी घेऊन बाहेर आली. "हाड माझं हाय, आत्याबाई. मी जाते."

गेलीस तर परत येऊ नको, असं धोंडाबाईनं चारचौघांत सुनावलं. जयश्रीनं मंगेशकडं पाहिलं. त्याचं नख अजून संपलं नव्हतं. ती जीपमध्ये जाऊन बसली.

मेघाचे हाल झाले. केस गेले, तोंड आतून सोलवटलं, पाणी गिळवेना. पण बीज रुजलं. जयश्री शेणव्यालाच राहिली. सासरहून कोणी आलं नाही. संगीताला तिकडं सगळे मगजवाली म्हणू लागले. आजही तिची गाडी दिसली की बाया पोरांच्या डोक्यावर पदर ओढतात.

पुढं मेघाचा रक्तगट बदलून थोरलीचा झाला; बीज तिचं, तर रक्तही तिचंच. ही बातमी सिद्धगडापर्यंत गेली आणि धोंडाबाईचा फोन आला. सुनेशिवाय घर अडलं होतं, पण ते कबूल कोण करणार? ती गोदीला म्हणाली, "आमच्या घरचं रक्त तुमच्या पोरीत खेळतंय म्हनं. आता तरी सुनेला धाडा."

जयश्रीनं आईच्या हातातून फोन घेतला. "तुमच्या घरचं कसलं, आत्याबाई? माझ्या आयबापाचं हाय ते," म्हणाली, आणि मेघाला भरवायला बसली.