गाडीला घाट दाखवायचा राहिला

शहापूर ते नाशिक हे अंतर मोबाइलच्या नकाशात दोन तासांचं दिसतं. गर्दी असली तर अडीच. तीन वर्षांत मी हा नकाशा इतक्या वेळा उघडला की हल्ली मोबाइलच मला आधी विचारतो, नाशिकला जायचंय का? त्याला कोण सांगणार की आमच्या घरात नुसतं जायचंय म्हणून जाता येत नाही.

जायचं होतं आईला, तिच्या थोरल्या बहिणीकडे. मावशी लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिकडचीच झाली. तिला विसर पडायला लागलाय, असं तिच्या सुनेने फोनवर सांगितलं तेव्हा आई ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला वळखते तवर एकदा भेटव गो."

आईने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. हे मागितलं, आणि तेही अवघड नव्हतं.

मी मुरबाडला शाळेत शिकवते. माहेर किन्हवलीकडून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. पंचेचाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकले आणि जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली. नवऱ्याला गाडी येत नाही आणि शिकायचीही नाही. तो शेजारच्या सीटवर बसून स्वतःच्या पायाने ब्रेक दाबत असतो. त्यामुळे दर रविवारी मी एकटीच आईकडे जाते. खड्डे, गुरं, वळणावर अंगावर येणारी खडीची डंपरं, सगळ्यातून गाडी काढते. आजवर गाडीला ओरखडा नाही.

आगगाडीने जावं तर स्टेशनचा पूल आईच्या गुडघ्यांना झेपत नाही. एसटीत तिला उलट्या होतात. भाड्याची गाडी करू म्हटलं, तर भावाला राग आला. "घरात गाडी हाय, मी हाय, आन भाड्याचा मानूस कशाला? मी काय मेलो का?" त्यावर कोण बोलणार? म्हणजे उरली माझी गाडी. आणि गाडीला आमच्या घरचा नियम आडवा आला.

नियम असा, की घरात आलेली कुठलीही गाडी आधी घरच्या पुरुषाने रिकामी घाटातून वर न्यायची, घाटनदेवीला नारळ फोडायचा आणि परत आणायची. याला आमच्याकडे गाडीला घाट दाखवणं म्हणतात. घाट दाखवल्याशिवाय त्या गाडीत बायकांना बसवून घाट चढायचा नाही. हे कुठल्या पोथीत नाही, आमच्या शेजारच्या घरातही नाही. फार वर्षांपूर्वी बाबांनी जीप घेतली होती. आई आणि मावशीला बसवून ते थेट नाशिकला निघाले, आणि कसारा घाटात जीप बंद पडून मागे घरंगळली. मागच्या दगडाला अडली म्हणून सगळे वाचले. कुणाला खरचटलंही नाही. पण घरी आल्यावर आजोबा म्हणाले, नारळ फोडला नव्हता म्हणून झालं. जीपचे ब्रेक खराब होते हे कुणीच म्हणालं नाही. तेव्हापासून हा नियम.

मला हसू यायचं याचं. देवी घाटाच्या माथ्यावर. म्हणजे घाट चढायची परवानगी घ्यायला आधी घाट चढायचा. मी हे एकदा आईला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "तूच शानी व्हय? भाऊ नारळ फोडून येल, मंग आपून जाव. एक दिवसाचं तं काम हाय."

एक दिवसाचंच काम होतं. तो एक दिवस तीन वर्षांत सापडला नाही.

भाऊ भिवंडीच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करतो. त्याची सुट्टी दर आठवड्याला बदलते आणि सणासुदीला तर रद्दच होते, कारण सगळा देश तेव्हाच घरबसल्या खरेदी करतो. पहिल्या वर्षी भातकापणी आटोपली की दिवाळीत जायचं ठरलं. मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून काढलं. सकाळी सहाला निघायचं. खर्डीला चहा. स्वच्छ संडास कुठल्या हॉटेलात आहे, आईच्या बाजूचं दार कुठे नीट उघडेल, परतताना उन्हाची तिरीप कुठल्या काचेवर येईल, हेसुद्धा. शिक्षिकेची खोड, दुसरं काय. आईने मावशीसाठी तांदळाचं पीठ दळून आणलं, कारण नाशिकला मिळतं ते पीठ मावशीच्या मते पीठच नव्हे. दिवाळी गेली. भावाला सुट्टी मिळाली नाही. पिठात टोके-किडे पडायच्या आत आईने त्याच्या भाकऱ्या करून आम्हाला वाढल्या.

माघात तो खरंच आला. गाडी धुतली, हार घातला, पुढच्या सीटवर नारळ ठेवला आणि एकटाच निघाला. आई दारात उभी राहून तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत होती. तासाभराने त्याचा फोन आला. घाटात टँकर उलटलाय, कसाऱ्याच्या अलीकडेच रांग लागलीय, गाडी बोटभर हलत नाही. दुपारी तो परत आला, नारळासकट. "पुढच्या सुट्टीला जातो," म्हणाला. त्याचाही इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला कामावर उभं राहायचं होतं.

उन्हाळ्यात लग्नसराई. पावसात भाताची आवणी, आणि घाटात दरडी. शिवाय दर शनिवार-रविवारी धबधबे बघायला येणाऱ्यांच्या गाड्या. मग पितृपक्ष. प्रत्येक कारण खरं होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. एखादं तरी खोटं असतं तर मी भांडले असते.

आणि दर रविवारी मी गेले की आई म्हणायची, लाव गो फोन. सुरुवातीला मावशी लगेच विचारायची, "कवा येतेस?" आई म्हणायची, "येतंय, गाडीला घाट दाखवला की येतंय." दोघी हसायच्या. मग मावशी एकाच फोनमध्ये तेच दोनदा विचारायला लागली. मग चारदा. आई चारही वेळा नव्याने उत्तर द्यायची, जराही न वैतागता. मला वर्गात तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तर मी फळ्यावर खडू आपटते. मग एका रविवारी मावशीने विचारलं, "आय बरी हाय का गो?" त्यांची आई तर माझ्या जन्माच्याही आधी गेलेली. आई थांबली आणि म्हणाली, "बरी हाय." फोन ठेवल्यावर पदराने स्क्रीन पुसत बसली.

त्या दिवशी मी भावाला फोन करून वाटेल ते बोलले. शेवटी तो म्हणाला, "ताई, आता नवीन रस्ता व्हतोय ना. डोंगरातून बोगदा जानार. मंग घाटच नाय, दाखवायचा काय? थोडा टाइम थांबा." आईला ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? अंगावरचं ओझं सरकारवर टाकायला मिळालं की कुणाला नको असतं? बोगदा होईपर्यंत आम्ही थांबलो. आमचं घोडं कुठे पेंड खात होतं ते मावशीच्या डोक्याला थोडंच कळणार होतं? तिचं रोज काहीतरी गळत होतं.

आता जे सांगणार आहे ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच थांबण्याच्या काळात शाळेला मधल्याच वारी एक सुट्टी आली. नवऱ्याला म्हटलं, आईकडे जाते. आईकडे गेले नाही. किन्हवलीतून नारळ घेतला, शहापूरवरून हायवेला लागले आणि सरळ कसाऱ्याच्या दिशेने निघाले. म्हटलं, आपणच दाखवू गाडीला घाट. कुणी विचारलं तर सांगू, पोथीत कुठे लिहिलंय की पुरुषच पाहिजे? आटगाव गेलं, खर्डी गेली. गाडी छान चालत होती. घाटाच्या पायथ्याशी एका टपरीजवळ मी गाडी बाजूला घेतली. चहा प्यायले. वर जाणारे ट्रक एकामागोमाग एक, पहिल्या गिअरमध्ये कण्हत चालले होते. हवा स्वच्छ होती, रस्ता मोकळा होता. अडवायला कुणी नव्हतं.

मी दुसरा चहा घेतला. मग गाडीत बसले, गाडी वळवली आणि मुरबाडला परत आले.

घाटाची भीती नव्हती मला. माळशेज मी दोनदा चढलेय, वैशाखऱ्याच्या पुढे, धुक्यात, दुसऱ्याची गाडी चालवत. भीती होती नंतरची. जाऊन आले असते, आणि पुढे आईला नेताना नुसतं चाक जरी पंक्चर झालं असतं, तरी भाऊ, भावकी, नवरा आणि आईसुद्धा म्हणाली असती, बघ, नियम मोडलास. हे एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी माघारी फिरले. मुलींना वर्गात सांगते, कुणाला घाबरू नका. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नारळ मी वाटेत दुसऱ्याच एका देवळात ठेवून आले.

अखेर बोगदा सुरू झाला. भावाचाच फोन आला, "ताई, आता जा तुमी. आता नाय काय प्रॉब्लेम." मावशीची सून म्हणाली होती, या, पण फार आशा ठेवू नका, आता फोन दिला तर हातात उलटा धरतात. मी आईला हे अर्धंच सांगितलं. तिने पुन्हा पीठ दळून आणलं. नवीन लुगडं नेसली. निघताना मला म्हणाली, "मी बोलले की वळखंल ती. आवाज नाय इसरत मानूस."

शहापूरजवळून नव्या रस्त्याला लागलो. आई दोन्ही हातांनी पुढचा डॅशबोर्ड धरून बसली होती, घाटासाठी. बोगदा आला, दिव्यांची रांग सुरू झाली, आणि गाणं एक-दोनदा बदलेपर्यंत संपलीही. पलीकडे उजेड, सपाट रान, इगतपुरीची पाटी.

"घाट कवा लागंल?" आईने विचारलं.

"गेला, आई. वर राहिला तो. आपण खालून आलो."

तिने मागे वळून बघितलं. मग डॅशबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "एवढ्यासाठी?" म्हणाली. मला वाटलं होतं ती आनंदेल. बैल गेला नि झोपा केला, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

मावशी खिडकीजवळच्या पलंगावर बसली होती. केस कापलेले, हातपाय काटकुळे, पण नाक-डोळे आईचेच. आई चपला काढायच्याही आधी तिच्याजवळ गेली, पलंगावर तिला खेटून बसली आणि तिचा हात हातात घेतला. "मी आलेय गो," म्हणाली.

मावशीने तिच्याकडे नीट बघितलं. परक्या पाहुण्याकडे बघावं तसं, अदबीने. "कुठल्या तुमी?"

"शहापूरकडच्या," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. आवाज विसरत नाही माणूस, असं ती म्हणाली होती.

"शहापूर?" मावशीचा चेहरा उजळला. "माझी भन हाय तिकडं. धाकटी. निघालीय ती यायला. तुमाला वाटंत दिसली का?"

सून दारात उभी होती, तिने मान फिरवली. मी आईकडे बघू शकले नाही.

"दिसली," आई म्हणाली. "येतेय मागून."

मावशी खूश झाली. तिने हळूच आपला हात सोडवून घेतला आणि आईच्या मांडीखालची चादर ओढून सारखी करायला लागली. "मंग तुमी हितं नका बसू, बाय," ती म्हणाली. "हितं माझी भन बसनार हाय."

आई उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. मी कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली आणि ती तिच्यावर बसली.