माझ्या लग्नातली पांढरी जोडी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पांडेसऱ्यात आमच्या खोलीच्या पत्र्यावर पांढरी कबुतरं पाळली होती. डाइंग मिलची पाळी संपली की ते वर चढायचे. शेठ लोकांच्या लग्नात हार घालून झाले की नवरानवरीच्या हातून आप्पांची जोडी उडायची, टाळ्या पडायच्या. आप्पा रिकामी करंडी सायकलला लावून घरी येईपर्यंत कबुतरं पत्र्यावर दाणे टिपत असायची. सोडलं की घर गाठायचं, एवढंच त्यांनी त्यांना शिकवलं होतं.

मग माझं लग्न निघालं. मांडव आमच्याच गल्लीत पडला. शेठांच्या पोरींसारखी आपल्या पोरीच्या हातूनही जोडी उडावी, ही आप्पांची हौस. त्या हौसेपायी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आम्ही दोघांनी ओंजळी उघडल्या. जोडी वर गेली, एक गिरकी घेतली आणि मांडवाशेजारी आमच्याच पत्र्यावर येऊन बसली. जाणार कुठे? घर तेच होतं.

आधी लोक हसले. मग नवऱ्याची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाखरू माघारी उनं, आते पोरबी माघारी यी."

नवरी सासरी टिकणार नाही, असाच त्याचा अर्थ. हसणं थांबलं. सचिन गावाहून आलेलं सगळं वऱ्हाड माझ्याकडे पाहू लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगते, आत्याचा राग नंतर आला, आधी आला तो आप्पांचा. कशाला हवी होती ही थेरं?

आप्पांनी शिडी लावली, जोडी खाली आणली आणि वऱ्हाडासमोर दोघांच्या पंखांतली मोठी पिसं उपटली. करंडी सासूबाईंपुढे ठेवून हात जोडले. आता ही तुमच्याच घरी राहतील, म्हणाले. टेम्पोत ती करंडी माझ्याच मांडीवर होती. मी आत डोकावूनही पाहिलं नाही.

सचिनला सासूबाईंनी दारातल्या ओट्यावर खोकं ठेवून दिलं. पिसं पुन्हा फुटताना मला दिसत होती, मी बोलले नाही. एका सकाळी दाणे घालायला गेले तर खोकं रिकामं. आत्याचे शब्द कानात घुमले. मी दोन गळालेली पिसं अंगणात टाकली आणि सासूबाईंना सांगितलं, मांजराने नेली.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आप्पा मला माहेरी न्यायला आले. सासूबाईंनी हळहळत मांजराची हकीकत सांगितली. आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस मान खाली घालून म्हणाला, "मांजरना काय भरोसा."

पांडेसऱ्याला पोचल्यावर मी पत्र्यावर चढले. जोडी खुराड्यात होती, दाराला आप्पांनी तार गुंडाळली होती. शिकवलं तेच करून ती आली होती, आणि सासरच्या कोणाला दिसू नये म्हणून आम्ही बापलेक तिच्यावर गोणपाट टाकत होतो.